ओबीच्या ढिगाऱ्यावर दोनदा लावलेली झाडं का मेली, आणि आता काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई वर्धा नदीच्या पट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत, गावाला लागूनच कोळशाच्या ओपनकास्ट (उघड्या) खाणीचा जुना ओबीचा ढिगारा आहे, ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरची काढून टाकलेली माती-दगड, साधारण १२ हेक्टर, कंपनीने तीन वर्षांत दोनदा झाडं लावली आणि दोन्ही वेळा मेली, पावसाळ्यात पिवळी माती धुऊन खालच्या वावरांत येते, आणि आता एक ठेकेदार मियावाकी जंगल, म्हणजे अगदी दाटीने रोपं लावून केलेलं जंगल, करून देतो म्हणून कोटेशन घेऊन आलाय. त्यांना विचारायचंय की तिसऱ्यांदा लावायची तर कोणती झाडं लावायची, मियावाकीच्या भानगडीत पडायचं का, आणि त्या जमिनीतून गावाला काही मिळेल का.

कोणती झाडं, याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: यंदा एकही नाही. पुढच्या वर्षीही बहुतेक नाही. मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, जास्त करून विदर्भातल्या कोळशाच्या आणि मॅंगनीजच्या ढिगाऱ्यांवर, मधली थोडी वर्षं गोव्यात लोखंडाच्या खाणींवर, आणि या सगळ्यातून मला एकच गोष्ट नीट कळली की झाड हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे, लोक ते पहिलं टाकतात कारण झाडाचा फोटो निघतो. उताराचा फोटो निघत नाही.

ढिगारा म्हणजे काय ते आधी समजून घ्या. खाण खोदताना सगळ्यात आधी निघते ती वरची काळी माती, मग मुरूम, पिवळी-लाल चिकणमाती, मग आपल्याकडे कामठीचा वाळूदगड, मग शेल म्हणजे तो राखाडी-काळा पापुद्रे सुटणारा दगड, आणि त्याखाली कोळसा. डंपर ज्या क्रमाने भरतात त्याच क्रमाने ओततात, म्हणजे काळी माती तळाला गाडली जाते आणि जमिनीच्या पोटातलं सगळ्यात खोलचं सामान सगळ्यात वर येऊन बसतं. पंचवीस कोटी वर्षांहून जास्त काळ ज्या दगडाने ऊन-पाऊस पाहिलेला नाही त्यावर तुम्ही कडुनिंबाचं रोप लावताय. त्यात नत्र नाही, सेंद्रिय कर्ब नावापुरता (शेलमधला काळा रंग बघून लोक फसतात, तो कोळसा आहे, ह्यूमस म्हणजे कुजलेला पालापाचोळा नाही), गांडूळ नाही, बुरशी नाही, पाणी धरून ठेवायला काही नाही. वरून डोझर फिरून फिरून सपाट माथा रस्त्यासारखा कडक झालेला. आणि मे महिन्यात चंद्रपूरकडचं ऊन, सत्तेचाळीस डिग्री हवेत, काळ्या शेलला हात लावून बघा दुपारी, चटका बसतो. रोपाची मान जिथे जमिनीला टेकते तिथेच ते भाजतं. मजूर म्हणतात "पाणी दिलं तरी मेलं", पाण्याअभावी ते मेलेलंच नसतं.

खरं तर हे सगळं टाळता येतं. वरची काळी माती पहिल्या दिवशी वेगळी काढून वेगळी ठेवायची असा नियम आहेच, आणि ती पर्यावरण मंजुरीची अटही असते. पण ती माती ठेवतात कशी, तर आठ-दहा मीटर उंच ढीग करून आठ-दहा वर्षं. तोवर आतलं बी मेलेलं, बुरशी मेलेली, हवा न मिळाल्याने ढिगाचं पोट आंबलेलं. मातीला साठवायचं नसतं, एका जागेवरून उचलली की दुसऱ्या जागेवर पसरायची, तेही शक्यतो त्याच वर्षी. पश्चिम ऑस्ट्रेलियात बॉक्साइटच्या खाणींवर जारा नावाच्या झाडाचं जंगल परत आणतात ते असंच, ताजी माती एका खड्ड्यावरून काढून थेट दुसऱ्या तयार खड्ड्यावर टाकतात आणि त्या मातीतल्या बियांतूनच बऱ्याच जाती आपोआप उगवतात. तुमच्या ढिगाऱ्याबाबतीत ती गाडी सुटलेली आहे, त्यामुळे आता माती बनवावी लागेल.

माझी स्वतःची पहिली फजिती सांगतो. नवीन होतो, एका ढिगाऱ्याच्या उतारावर हेक्टरी २,५०० रोपं, दोन बाय दोन मीटर, दोन-दोन फुटांचे खड्डे, प्रत्येक खड्ड्यात शेणखत आणि नदीकाठची माती, पुस्तकाप्रमाणे सगळं. मजुरांनी आखणीची दोरी वरून खाली ताणली, कारण रस्त्यावरून बघणाऱ्या साहेबाला ओळी सरळ दिसायला हव्या होत्या, आणि मी काही बोललो नाही. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला. वरचा खड्डा भरला, फुटला, त्याचं पाणी खालच्या खड्ड्यात, तो फुटला, असं करत करत प्रत्येक ओळीची एक घळ झाली. दिवाळीपर्यंत त्या घळी कमरेएवढ्या खोल. मी झाडं लावली नव्हती, मी नाल्याची आखणी करून दिली होती. आमच्याकडे एक म्हातारे माळीमामा होते, ते तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब, पहिले पाण्याले विचारा न, तो कुठून जाते." तेव्हापासून मी पहिल्या वर्षी कुदळ उचलतच नाही.

तर तुमचं काम नंबर एक. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन ढिगाऱ्यावर जा, एकट्या नको, दोन-तीन जण, आणि पाणी कुठे जमतंय, कुठून फुटतंय, कुठल्या घळीत माती वाहतेय हे मोबाइलवर शूट करा. माथ्यावर पाणी साचतंय का बघा, कडेला भेगा आहेत का बघा, पायथ्याशी कोरड्या दिवसातही ओल किंवा झरा दिसतोय का बघा. हा शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. वेल्समध्ये आबरफॅन नावाचं गाव आहे, तिथे कोळसा खाणीचा ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता, २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी तो घसरून शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ लेकरं. तिथे पाणी आत होतं, वरून काही कळत नव्हतं. माथ्यावर भेगा आणि पायथ्याशी ओल असं दोन्ही एकत्र दिसलं तर झाडंबिडं विसरा, त्याच दिवशी तहसीलदार, खाण व्यवस्थापन आणि खाण सुरक्षा महानिदेशालय, ज्याला सगळे डीजीएमएस म्हणतात, तिघांना लेखी कळवा, पोच घ्या, आणि पायथ्याशी गुरं-माणसं जाऊ देऊ नका.

आता उतार. डंपरने ओतलेलं सामान स्वतःहून ३५ ते ३८ अंशांवर उभं राहतं. तेवढ्या उतारावर माणूस नीट चढत नाही, बी ठरत नाही, काहीच ठरत नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये साधारणपणे एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं असतं, म्हणजे मध्ये मध्ये पायऱ्या सोडून, ज्याला बेंच म्हणतात. मोबाइलमध्ये उतार मोजायचं ॲप असतं, एक सरळ काठी उतारावर ठेवून त्यावर मोबाइल ठेवा, आकडा मिळेल. पंचवीस-तीस ठिकाणी मोजून वहीत लिहा. २८ च्या वर असेल तर हे डोझरचं काम आहे आणि ते कंपनीचं आहे, गावाने वर्गणी काढून करायचं नाही. बेंच आतल्या बाजूला किंचित कलता हवा, म्हणजे पाणी कडेवरून न सांडता आतून वाहून दगडी चुटीने, म्हणजे उतरत्या पन्हाळीने, खाली येतं. ढिगाऱ्याभोवती गारलॅंड ड्रेन म्हणजे वेढा घालणारा चर, पायथ्याला दगडाची भिंत, आणि पाणी बाहेर पडतं तिथे गाळ बसायला टाकी. हे चारही असायलाच हवेत आणि बहुतेक ठिकाणी कागदावर असतात. टाकी दरवर्षी पावसाआधी उपसली नाही तर ती टाकी नसून गाळाने भरलेला खड्डा आहे, आणि तुमच्या वावरांत येणारी पिवळी माती बहुधा तिथूनच येतेय.

घळींना मात्र गावही हात लावू शकतं. लहान घळ असेल तर पऱ्हाट्यांचे भारे बांधून आडवे टाका, खुंट्या ठोकून, दर चार-पाच मीटरवर एक. कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या जाळतातच लोक, तेवढ्या उचलून आणा. मागे गाळ अडतो आणि त्या गाळात पहिलं गवत उगवतं, मी कितीतरी ठिकाणी हेच पाहिलंय की आम्ही जिथे काही लावलं नाही, फक्त पाणी हळू केलं, तिथे तरोटा आणि उन्हाळी ही रानझुडपं आपोआप आली.

मग माती तपासायची. लॅबला नमुने द्याच, पण त्याआधी घरी तीन गोष्टी करून बघा, फुकटात होतात. पहिली, ढिगाऱ्यावरचं वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ सावकाश फुटून तळाला पडलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा ढग तयार झाला आणि दोन तासांनीही पाणी गढूळच राहिलं तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी फुटणारी आहे, सोडियमवाली, तिथे जिप्समशिवाय कितीही खत घाला, पहिल्या पावसात वरचा थर सिमेंटसारखा बसतो. दुसरी, तेलाच्या डब्याचं वरचं-खालचं झाकण कापून तो चार बोटं जमिनीत ठोका, एक लिटर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघा. माथ्यावर अर्धा तास होऊनही पाणी तसंच उभं असेल तर जमीन दबलेली आहे, रिपर मारावा लागेल, म्हणजे यंत्राच्या दातऱ्याने जमीन खोल फोडावी लागेल. तिसरी, पीएच. कागदी पट्ट्या मिळतात. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी असतं त्यामुळे सगळा ढिगारा आम्लधर्मी नसतो, पण पट्टे असतात, जिथे घळीत गंजाच्या रंगाचं पाणी साचतं आणि गवताची काडीही नाही तिथला पीएच ४ किंवा त्याखाली मिळाला तर आश्चर्य नको. त्या पट्ट्यात चुना लागेल. आणि हिवाळ्यात पहाटे कुठून धूर किंवा वाफ निघते का, नाक लावा, जळक्या कोळशाचा वास येतो. कोळशाचा चुरा मिसळलेला शेल आतून आपोआप तापतो. तिथे काही लावू नका, तिथे चिकणमाती टाकून दाबून हवा बंद करायची असते, आणि तेही खाणवाल्यांनीच करायचं.

दबलेल्या जमिनीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण यात चांगले चांगले इंजिनियर चुकतात. अमेरिकेत ॲपलेशियन डोंगरांत १९७७ च्या कायद्यानंतर खाणींची जमीन इतकी छान सपाट केली, रोलर फिरवून इतकी घट्ट केली आणि वर इतकं दांडगं विलायती गवत पेरलं की माती वाहायची थांबली पण झाडंही वर्षानुवर्षं येईनात. मग २००४ च्या आसपास तिथल्या लोकांनी ठरवलं की वरचा सव्वा मीटर थर मोकळाच ठेवायचा, खडबडीत, डोझर शक्य तितका कमी फिरवायचा, आणि गवत मवाळ जातीचं घ्यायचं. आपल्याकडे अजून साहेब लोकांना बिलियर्ड टेबलासारखा माथा आवडतो. खडबडीत असू द्या हो. खळग्यात पाणी थांबतं, पानं अडकतात, बी पडतं.

माती बनवण्यासाठी काय लागेल? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने यात आपल्या भागातच मोठं काम केलंय, गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसातून निघणारी मळी) आणि सोबत रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांसोबत वाढणारी मायकोरायझा बुरशी वापरून, आणि चंद्रपूरजवळ पद्मापूरच्या कोळसा ढिगाऱ्यावर सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा गाळ हेक्टरी ५० टन टाकून. तत्त्व सोपं आहे, मेलेल्या सामानात एकदाच भरपूर सेंद्रिय माल घालायचा आणि त्यासोबत जिवाणू-बुरशी द्यायची, म्हणजे नत्राचं चाक फिरायला लागतं. नुसती जिवाणूंची पाकिटं टाकून काही होत नाही, त्यांना खायला लागतं. तुमच्याकडे साखर कारखाना नसेल, पण आसपास मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, त्यांचा गाळ उन्हाळ्यात निघतो, गाळयुक्त शिवार योजनेच्या निमित्ताने लोक वावरांत नेतातच, त्यातला काही ढिगाऱ्यावर मागा. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, शेणखत. बुरशीसाठी पाकिटापेक्षा मला जवळच्या जंगलातल्या सागाखालची किंवा पळस, बोर, खैराखालची मूठ-मूठ माती जास्त भरवशाची वाटते, वनविभागाची परवानगी घेऊन दोन-चार पोती आणायची आणि ती रोपवाटिकेतच पिशव्यांत मिसळायची. (राख टाका असं सांगणारेही भेटतील, पॉवर हाऊसची राख आम्लधर्मी पट्ट्याला थोडी उपयोगी पडते, पण तिच्यात बोरॉन आणि जड धातू असतात, त्यामुळे लॅबचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय हो म्हणू नका.)

आता गवत. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे लांबेल.

सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२० ला आदेश दिला की खाणकाम संपल्यावर खाणवाल्याने त्या जागेवर, आणि खाणकामामुळे बिघडलेल्या बाकी जागेवरही, पुन्हा गवत उगवून द्यायचं, चारा, वनस्पती, प्राणी यांच्या वाढीला योग्य अशी जमीन करून द्यायची, आणि ही अट लीजमध्ये आणि पर्यावरण मंजुरीत टाकायची. चारा हा शब्द त्यात आहे, ताई, ग्रामसभेच्या ठरावात हे तारखेसकट लिहा. झाडांची संख्या मोजून दाखवणाऱ्याला गवताचं विचारलं की तो गडबडतो.

गवताचं काम काय, तर त्याची मुळं केसांसारखी बारीक आणि दाट असतात, वरच्या वीतभर थरात जाळं विणतात, दरवर्षी त्यातली निम्मी मरतात आणि तिथल्या तिथे कुजून माती होतात. झाड हे काम करत नाही. झाडाच्या मुळ्या खड्ड्यातल्या आणलेल्या मातीत गोल फिरतात आणि खड्ड्याच्या भिंतीशी अडतात, म्हणून तुमची झाडं पहिल्या वर्षी हिरवी दिसली असतील आणि दुसऱ्या मे महिन्यात गेली असतील, बरोबर ना? कुंडीत लावल्यासारखं होतं ते.

आपल्या भागासाठी कुसळी, मारवेल, पवन्या, डोंगरी गवत, आणि घळीच्या तोंडाशी वाळा. सोबत नत्र धरणारी म्हणून स्टायलो, धेंचा, उन्हाळी. नुसतं एकच गवत नको. कुसळीला लोक नाक मुरडतात कारण तिची कुसळं गुरांच्या तोंडात आणि माणसाच्या सॉक्समध्ये शिरतात, पण तीच कुसळं तिचं सामर्थ्य आहे. एकदा एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका, ते सापासारखं पीळ सोडतं, वाळलं की परत पीळ भरतं, असं करत करत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं. ज्या उतारावर आपण पेरलेलं बी पहिल्या सरीत वाहून जातं तिथे ही बाई स्वतःच स्वतःला पेरते.

बी विकत मिळणं अवघड, आणि मिळालं तरी बाहेरचं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावच्या धुऱ्यांवरून, माळावरून गोळा करा, गायकीला म्हणजे गुरं राखणाऱ्याला विचारा, कोणतं गवत कुठे आहे आणि कोणतं गुरं आधी खातात हे त्याच्याइतकं वनाधिकाऱ्यालाही माहीत नसतं. बी कोरडं करून पोत्यात, उन्हाळ्यात काही महिने तसंच राहू द्या, ताजं बी नीट उगवत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर गाळ, शेण आणि बी कालवून आडव्या रेघांमध्ये टाका. आडव्या म्हणजे समपातळीत, यासाठी पारदर्शक पाइपात पाणी भरून लेव्हल काढतो ना गवंडी, तेवढं पुरे. वर कुटार हलकं पसरा, आणि तीव्र उतारावर ते उडू नये म्हणून पऱ्हाट्या किंवा नारळाच्या काथ्याची जाळी. गोव्यात आम्ही काथ्याची जाळी खूप वापरली, तिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस, जाळीशिवाय एक काडी राहत नाही.

गोव्याचा विषय निघालाच तर एक सांगून टाकतो. तिथल्या डिचोली, सत्तरी, सांगेकडच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला, भराभरा वाढला, ढिगारे लांबून हिरवे दिसतात, आणि माती धरली हेही खरं. पण खाली जाऊन बघा, पानांचा जाड थर, कुजत नाही, त्यातून दुसरं काही उगवत नाही. आमच्याकडे तेच काशिद आणि सुबाभळीचं. मी पूर्वी हे सगळं लावलंय, नाही म्हणत नाही, आणि वाईट जागी आजही दहातली एक-दोन लावतो. पण सगळंच ते लावलं की वीस वर्षांनीही तिथे जंगल नसतं, प्लांटेशनच असतं. निलगिरी नको. विलायती बाभूळ तर अजिबात नको, ती न लावताच येईल, आणि तिचं रान माजलं की त्यात बिबट आणि पट्टेदार वाघ लपून बसतात, चंद्रपूरच्या आसपास राहणाऱ्यांना मी हे वेगळं सांगायला नको. गावाच्या बाजूचा शंभर-दीडशे मीटरचा पट्टा कायम मोकळा, गवताचाच ठेवा, आरपार दिसेल असा.

झाडं तिसऱ्या पावसाळ्यापासून. त्यातही सगळीकडे नाही, जिथे गवत चांगलं धरलंय आणि पऱ्हाट्यांमागे गाळ साठलाय तिथे आधी, बेटं बेटं करून. रोपांपेक्षा बी जास्त. बाभळीचं बी शेळ्यांच्या बैठकीतून गोळा करा, शेळीच्या पोटातून गेलेलं बी लवकर रुजतं, लेंडीसकटच पेरा. खैर, हिवर, बोर, पळस हे थेट बियांनी. निंबाचं बी ठेवायचं नाही, निंबोळी पडली की दहा-पंधरा दिवसांत जमिनीत. रोपं लावायचीच तर करंज, आवळा, शिसू, सीताफळ, अंजन, बांबू, आणि मोह, बेहडा, तेंदू ही मंडळी शेवटी, सावली झाल्यावर. रोप लहान घ्या, फूट-दीड फुटाचं, चार-चार फुटांची रोपं लावायचा नाद पुढाऱ्यांचा असतो, वर पसारा मोठा आणि खाली मूळ इतकंसं, पहिल्या उन्हाळ्यातच जातं. दक्षिण आणि पश्चिमेकडचा उतार जास्त तापतो, तिथे दोन वर्षं उशिरा.

मियावाकी. मला त्या पद्धतीशी भांडण नाही, शहरात शाळेच्या कोपऱ्यात चांगली आहे. पण ती पद्धत जमीन खोल खणून, भरपूर सेंद्रिय माल मिसळून, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावून, दोन-तीन वर्षं पाणी देऊन चालते. बारा हेक्टर म्हणजे एक लाख वीस हजार चौरस मीटर, रोपांचा हिशोब तुम्हीच करा, आणि त्या ढिगाऱ्यावर पाणी कुठून चढवणार तेही ठेकेदाराला विचारा. शिवाय आपला भाग पानझडी जंगलाचा आणि गवताळ माळाचा, इतकी दाटी इथला निसर्गच करत नाही. कोटेशनमध्ये उताराचा, नाल्याचा, माती तपासणीचा एक तरी शब्द आहे का बघा. नसेल तर चहा पाजून पाठवा.

पैशाचं आणि कागदाचं. आधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा, गावातले म्हणतात "आता आपल्याला मिळाली" पण कोळशासाठी संपादित झालेली जमीन अशी सहज परत येत नाही, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर पंचायतीचा पैसा टाकला तर ऑडिटमध्ये तुम्हीच अडकाल. मग तीन कागद मागा: पर्यावरण मंजुरीचं पत्र, ते केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापडतं; सहामाही अनुपालन अहवाल, जो कंपनीला वर्षातून दोनदा द्यावा लागतो आणि वेबसाइटवर टाकावा लागतो; आणि खाण बंद करण्याचा आराखडा, म्हणजे माइन क्लोजर प्लॅन. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या सूचनांनुसार ओपनकास्ट खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, तेव्हाच्या किमतीने आणि पुढे दरवर्षी वाढत जाणारे, एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला परस्पर काढता न येणाऱ्या खात्यात, ठेवायचे होते, नंतर हा आकडा वाढलाही. म्हणजे पैसा तत्त्वतः बाजूला काढलेला आहे. अनुपालन अहवालात तुमच्या ढिगाऱ्यावर किती रोपं "जिवंत" लिहिलीत ते बघा आणि तुमच्या पावसातल्या व्हिडिओशेजारी ठेवा, भांडायची गरजच पडत नाही कधी कधी.

राहिलं गावाला काय मिळेल. भाजीपाला, धान्य नको, निदान जड धातूंची तपासणी होऊन चांगला रिपोर्ट येईपर्यंत अजिबात नको, आणि चाऱ्याचाही नमुना एकदा तपासून घ्या. पण चारा हेच तिथलं पहिलं खरं उत्पन्न आहे. पहिली दोन वर्षं चराई पूर्ण बंद, गुरं उतारावर चढली की खुरांनी सगळं सुटतं, त्यासाठी तारेचं कुंपण चालत नाही (चोरीला जातं), गायकीलाच राखणदार नेमा, पगार द्या, त्याच्याच गुरांना पुढे गवत मिळणार आहे हे त्याला कळलं की बाहेरची गुरंही तोच हाकलतो. वणव्यासाठी फेब्रुवारीत चार-पाच मीटरची जाळरेषा काढून ठेवा. तिसऱ्या वर्षापासून कापून न्यायचं, चरायला सोडायचं नाही. आणि कापणी दिवाळीच्या आधी नको, बायका घाई करतात कारण तेव्हा गवत कोवळं असतं आणि कुसळंही आलेली नसतात, पण बी गळून पडेपर्यंत थांबा, मग विळा लावा, आणि जमिनीपासून चार बोटं सोडून कापा. पहिल्या कापणीला एक दहावा भाग न कापता तसाच उभा ठेवा, वरच्या बेंचवरचा, म्हणजे वाऱ्याने बी खाली उतारावर येत राहील.